पुस्तकावरची सवलत कोणाच्या खिशातून जाते?

इंदूरच्या मुख्य बसस्थानकाला सरवटे यांचे नाव आहे. तिथे गाड्यांसाठी धावपळ करणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते, की हे विनायक सीताराम सरवटे घटना समितीचे सभासद तर होतेच, शिवाय 'मराठी साहित्य समालोचन' हा मराठी वाङ्मयेतिहासाचा ग्रंथही त्यांनी लिहिला. या शहरात मराठी साहित्य संमेलन तीनदा भरले. १९१७ साली गणेश जनार्दन आगाशे, १९३५ साली औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी आणि २००१ साली विजया राजाध्यक्ष अध्यक्षस्थानी होत्या. महाराष्ट्र साहित्य सभेचा शारदोत्सव होतो, 'सानंद' या संस्थेच्या नाटकांना गर्दी लोटते, 'श्री सर्वोत्तम' हे मराठी मासिक इथूनच निघते. २०११च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांहून अधिक लोक आहेत आणि त्यांचे सांस्कृतिक केंद्र म्हणजे इंदूर.

एवढे सगळे असून एक साधा प्रश्न इथल्या वाचकाला पिढ्यान्‌पिढ्या छळत आला. पुण्यात नवी कादंबरी निघाली, तर ती इंदुरात आणायची कुठून?

जुनी उत्तरे ठरलेली होती. पुण्या-मुंबईला निघालेल्या भाच्याच्या हातात यादी द्यायची. नाटकाच्या किंवा व्याख्यानाच्या वेळी दाराशी पुस्तकांचे टेबल लागले, तर मध्यंतरात तिकडे धाव घ्यायची. 'ललित' मासिकात जाहिरात वाचून प्रकाशकाला पत्र टाकायचे आणि पुस्तक व्ही.पी.ने मागवायचे. पोस्टमन दारात आला की पैसे मोजायचे आणि मग पुडके फोडायचे. वाचनालयाच्या यादीत नाव लावून महिनोन्‌महिने वाट पाहणे हा शेवटचा मार्ग.

मग फोनवर बोट टेकवले की चार दिवसांत पुस्तक घरपोच येऊ लागले, वर वीस-तीस टक्के सवलत. इंदूरच्या मराठी वाचकाच्या दृष्टीने ही सोय लहानसहान नाही. म्हणूनच 'ऑनलाइन कंपन्यांनी पुस्तकांची दुकाने बुडवली' हे सरसकट वाक्य इथे अर्धेच खरे ठरते. जिथे मराठी पुस्तकांचे दुकान जवळजवळ नव्हतेच, तिथे बुडणार काय? पण दुसरी बाजूही आहे. या कंपन्यांनी पुस्तक पोचवण्याचा प्रश्न सोडवला. पुस्तक निवडण्याचा, नवा लेखक पुढे आणण्याचा आणि त्याला मोबदला देण्याचा प्रश्न सोडवलेला नाही. उलट काही ठिकाणी तो अवघड करून ठेवला आहे. हे कसे घडते, ते समजून घेण्यासाठी आधी पुस्तकाच्या धंद्यात शिरायला हवे.

सुरुवात पुस्तकापासूनच का?

जेफ बेझोस यांनी १९९४ साली अ‍ॅमेझॉन कंपनी स्थापन केली आणि जुलै १९९५मध्ये विक्री सुरू केली ती पुस्तकांची. ते पुस्तकवेडे होते म्हणून नव्हे. इंटरनेटवर काय विकता येईल याची त्यांनी यादी केली, तेव्हा पुस्तक सर्वांत सोयीचे ठरले. ते नासत नाही, फुटत नाही. कोणत्याही दुकानातून घेतले तरी तेच पुस्तक मिळते, त्यामुळे कापडासारखे हात लावून पाहावे लागत नाही. प्रत्येक आवृत्तीला आयएसबीएन हा स्वतंत्र क्रमांक असतो, म्हणजे संगणकाला माल ओळखणे सोपे. आणि बाजारात शीर्षके तीस लाखांहून अधिक. कितीही मोठे दुकान बांधले तरी त्यात ती मावणार नाहीत. इंटरनेटवरचे दुकान मात्र सगळी यादी दाखवू शकते.

भारतातही हाच कित्ता गिरवला गेला. २००७ साली बंगळुरूत सुरू झालेले फ्लिपकार्ट आधी फक्त पुस्तके विकत असे. २०१० साली त्यांनी माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय आणली, तेव्हा ती नवलाई वाटली. खरे तर आपल्या टपाल खात्याची व्ही.पी. एकोणिसाव्या शतकापासून तेच करत होती. जून २०१३मध्ये अ‍ॅमेझॉनने भारतात दुकान उघडले, तेव्हाही पहिल्या मालात पुस्तके होतीच.

पुस्तके हे या कंपन्यांसाठी गिऱ्हाईक जोडण्याचे साधन होते. पुस्तक घ्यायला आलेला माणूस पुढे मोबाइल घेतो, बूट घेतो, मिक्सर घेतो. एकदा त्याचा पत्ता, सवय आणि आवडनिवड हाताशी आली, की पुस्तकावर फायदा झाला नाही तरी बिघडत नाही. पुस्तकाच्या दुकानदाराकडे विकायला मिक्सर नसतो. स्पर्धा विषम आहे ती इथे.

खजुरी बाजारातला धंदा

राजवाड्याजवळचा खजुरी बाजार म्हणजे इंदूरचा पुस्तकबाजार. शाळा-महाविद्यालयांची क्रमिक पुस्तके, गाइड, वह्या आणि जुन्या पुस्तकांचे ढीग. जून-जुलैत इथे पाय ठेवायला जागा नसते. त्यातच इंदूर हे स्पर्धा परीक्षांचे शहर. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे कार्यालय इथेच आहे, आणि भंवरकुआं परिसरात राज्यभरातून आलेली मुले खोल्या घेऊन अभ्यास करतात. शहरात खपणाऱ्या पुस्तकांचा मोठा हिस्सा याच मुलांच्या पिशवीत जातो.

आता कोणती विक्री ऑनलाइन दुकानाकडे आधी सरकते ते पाहू. ज्या पुस्तकाचे नाव, लेखक, आवृत्ती गिऱ्हाइकाला आधीच पाठ आहे, ते. राज्यघटनेवरचे ठरावीक जाडजूड पुस्तक हवे असलेल्या मुलाला दुकानदाराचा सल्ला लागत नाही. तो फक्त किंमत पाहतो, आणि पन्नास-साठ रुपये वाचत असतील तर दुकानात जात नाही. म्हणजे ज्या मालावर दुकानाचे भाडे निघायचे, तोच माल आधी हातचा जातो. उरतो तो न खपणारा, सल्ला मागणारा, कपाटात वर्षभर पडून राहणारा माल.

जुन्या पुस्तकांचा धंदा मात्र चिवट आहे. परीक्षा झाली की पुस्तक परत विकायचे, त्या पैशात पुढच्या वर्षाचे घ्यायचे. पाने मोजून, कोपरे पाहून भाव ठरतो. हा व्यवहार समोरासमोर, मिनिटभरात होतो. पुडके बांधून दुसऱ्या गावी पाठवायचे म्हटले तर पुस्तकाच्या किमतीपेक्षा हमाली जास्त पडेल. खजुरी बाजाराची खरी ताकद या उलाढालीत आहे.

चारशे रुपयांचा हिशेब

सवलत येते कुठून, हे कळण्यासाठी एक उदाहरण मांडू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रकाशकागणिक ते बदलतात.

एका मराठी कादंबरीची छापील किंमत ४०० रुपये आहे. प्रकाशकाने दुकानदाराला ३५ टक्के कमिशनने ती दिली, तर दुकानदाराला ती २६० रुपयांना पडते. हातात उरले १४० रुपये. त्यातून भाडे, वीज, नोकराचा पगार, वाहतूक आणि न खपलेल्या पुस्तकांत अडकलेले भांडवल. नेहमीच्या गिऱ्हाइकाला त्याने १० टक्के सोडले, तर ४० रुपये गेले, उरले १००. आता तीच कादंबरी ऑनलाइन २८० रुपयांना दिसते. तेवढ्यात विकायची झाली, तर दुकानदाराच्या हाती २० रुपये राहतात. म्हणजे तो स्पर्धेत हरत नाही. तो स्पर्धेत उभाच राहू शकत नाही.

मग २८०ला विकणाऱ्याला कसे परवडते? याचे तीन मार्ग असतात. पहिला, विक्रेता मोठ्या संख्येने खरेदी करतो आणि प्रकाशकाकडून ४५-५० टक्के कमिशन पदरात पाडून घेतो. दुसरा, प्रकाशक स्वतःच विक्रेता म्हणून तिथे उतरतो. मधले दोन टप्पे गळतात, पण पोर्टलचे शुल्क, पॅकिंग, पाठवणी आणि परत आलेला माल हे सगळे त्याच्या माथी बसते. तिसरा, काही काळ तोटा सोसून विक्री करायची आणि तो गुंतवणूकदारांच्या पैशातून किंवा दुसऱ्या मालाच्या नफ्यातून भरायचा. पहिल्या दोन मार्गांत सवलतीचा भार प्रकाशकावर येतो. प्रकाशक तो कोणाकडे सरकवतो? एक तर छापील किंमतच वाढवतो, म्हणजे ३४०चे पुस्तक ४००चे होते आणि वाचकाची सवलत कागदावर राहते. नाही तर तो लेखकाच्या मानधनाकडे पाहतो.

मराठीत लेखकाला साधारणपणे छापील किमतीवर दहा टक्क्यांच्या आसपास मानधन ठरते. ४०० रुपयांच्या पुस्तकामागे ४० रुपये. हजार प्रतींची आवृत्ती पूर्ण खपली तर ४० हजार. तीही दोन-तीन वर्षांत खपली तर भाग्य, कारण आता पहिली आवृत्ती पाचशेची किंवा त्याहून कमी असणे नवे राहिलेले नाही. करारात 'छापील किमतीवर' ऐवजी 'प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर' एवढे शब्द बदलले, आणि प्रकाशकाने प्रत निम्म्या किमतीला विकली, की ४०चे २० होतात. वाचकाला सवलत मिळाली, कंपनीला गिऱ्हाईक मिळाले, लेखकाचे वीस रुपये गेले. आणि यातले काहीच पडद्यावर दिसत नाही.

सवलत आपल्याकडे जुनीच

सवलत म्हणजे पाप, असे मात्र नाही. मुंबईचे 'स्ट्रँड बुक स्टॉल' सवलतीसाठीच प्रसिद्ध होते. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात छोट्या टपरीएवढ्या जागेत ते सुरू केले, पुढे ते फोर्टमध्ये गेले, आणि शानभागांना २००३ साली पद्मश्री मिळाली. त्यांची सवलत ही जास्त विक्री आणि अचूक खरेदी यांतून निघायची. कोणते पुस्तक कोण घेईल हे त्यांना ठाऊक असे, त्यामुळे माल पडून राहत नसे. फेब्रुवारी २०१८मध्ये ते दुकान बंद झाले. त्याआधी २०१२मध्ये पुण्याच्या कॅम्पातले 'मॅनीज'ही बंद झाले होते. या दुकानांना फक्त ऑनलाइन विक्रीने मारले असे म्हणणे सोपे आहे. शहराच्या मध्यवस्तीतल्या जागेची किंमत, पुढच्या पिढीने धंदा न करणे आणि बदललेल्या वाचनसवयी, हेही त्यात होते. पण नफ्याची फट आधीच अरुंद असताना मोठी सवलत आली की बाकीची कारणे झेलण्याची ताकद उरत नाही.

'ग्रंथाली'ची सवलत तर आणखी वेगळी होती. १९७०च्या दशकात सुरू झालेल्या या वाचक चळवळीत सभासद आगाऊ पैसे भरत आणि पुस्तके सवलतीत घेत. वाचकाचा पैसा आधी आल्यामुळे नव्या, अनोळखी लेखकावर पैज लावता आली. दया पवार यांचे 'बलुतं' (१९७८) आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) या मार्गाने वाचकांपर्यंत पोचले. प्रकाशनपूर्व सवलतीच्या योजनांमागचे तत्त्वही हेच: वाचक आधी विश्वास टाकतो, बदल्यात किंमत कमी होते.

या आणि पोर्टलच्या सवलतीत फरक हा आहे. ग्रंथालीच्या सवलतीने नवे पुस्तक जन्माला घातले. पोर्टलची सवलत आधीच गाजलेल्या पुस्तकाला आणखी पुढे ढकलते, कारण तिथे खप पाहून शिफारस होते आणि शिफारशीमुळे खप वाढतो. पहिल्या पुस्तकाचा लेखक या चक्रात शिरणार कसा?

'श्यामची आई' शोधून पाहा

कोणत्याही मोठ्या पोर्टलवर 'श्यामची आई' शोधून पाहावे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेले हे पुस्तक. गुरुजी १९५० साली गेले. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, म्हणून १ जानेवारी २०११पासून ते कोणालाही छापता येते. परिणामी एकाच नावाची अनेक मुखपृष्ठे, निरनिराळ्या किमती. यातली कोणती प्रत नीट तपासलेली, कोणती घाईत टाइप केलेली, कोणत्या प्रतीत काही गाळले आहे, हे चित्रावरून कळत नाही. वर येते ती बहुधा स्वस्त किंवा जास्त खपलेली प्रत. दुकानात दोन प्रती शेजारी ठेवून पाने चाळता येतात, आणि जाणता दुकानदार 'ही घ्या, छपाई बरी आहे' असे सांगतो.

मराठी पुस्तकांची दुसरी अडचण नावाची. पोर्टलवर पुस्तकाची नोंद कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, आणि रोमनचेही तीन प्रकार. लेखकाचे नाव कधी आद्याक्षरांसह, कधी पूर्ण. लहान प्रकाशकाने माहिती नीट भरली नसेल, तर पुस्तक उपलब्ध असूनही शोधात येत नाही. वाचक समजतो, 'छापायचे बंद झाले वाटते.' पुण्याचे 'बुकगंगा'सारखे मराठीसाठीच उभे राहिलेले संकेतस्थळ इथे उपयोगी पडते, कारण त्याची मांडणीच मराठी नावे, मराठी प्रकाशक आणि मराठी वाचक धरून केलेली आहे. परदेशातल्या आणि इंदूरसारख्या शहरांतल्या मराठी वाचकांची मोठी सोय त्यामुळे झाली.

तिसरी अडचण चोरीच्या छपाईची. गाजलेल्या पुस्तकांच्या पातळ कागदाच्या, पुसट शाईच्या, फोटो काढून छापल्यासारख्या प्रती फुटपाथवर पूर्वीपासून मिळत. विक्रेत्याचा चेहरा दिसत नसलेल्या बाजारात त्या खपवणे अधिक सोपे झाले. अशा प्रतीचा एक पैसाही लेखकाला मिळत नाही. संशयास्पद स्वस्त प्रत दिसली, तर विक्रेत्याचे नाव पाहणे आणि प्रकाशकाच्या संकेतस्थळाशी किंमत ताडून पाहणे एवढे वाचकाला सहज करता येते.

लेखकाला दार उघडले, किल्ली कोणाकडे?

लेखकांच्या बाजूने मोठा बदल झाला तो स्वतः प्रकाशित करण्याच्या सोयीचा. डिसेंबर २०१६मध्ये अ‍ॅमेझॉनच्या 'किंडल' या ई-पुस्तकांच्या सेवेने हिंदी, मराठी, गुजराती, तमिळ आणि मल्याळम या पाच भाषांची पुस्तके सुरू केली. कोणालाही आपले ई-पुस्तक तिथे टाकता येते. विक्रीवर ३५ किंवा ७० टक्के मानधन मिळते. ऐकायला हे दहा टक्क्यांच्या कितीतरी पट आहे. पण भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकणार नाही अशी योजना स्वीकारावी लागते. त्याच योजनेतून ते पुस्तक महिन्याच्या वर्गणीवर वाचणाऱ्यांपर्यंत जाते, आणि तिथे मानधन प्रतीवर नव्हे, वाचलेल्या पानांवर ठरते. जुलै २०१५पासून हा नियम आहे. साहजिकच पटापट पाने उलटायला लावणाऱ्या लेखनाला तो अनुकूल. सावकाश वाचायच्या कवितासंग्रहाला नाही. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ आणि प्रसिद्धी हे सगळे लेखकानेच पाहायचे, हा भाग वेगळाच.

मोठ्या कंपनीच्या हाती सगळी सूत्रे गेली की काय होते, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. २०१४ साली अमेरिकेत ई-पुस्तकांच्या किमती कोणी ठरवायच्या यावरून अ‍ॅमेझॉन आणि 'अशेट' या प्रकाशनसंस्थेत वाद पेटला. अशेटच्या पुस्तकांची आगाऊ नोंदणी बंद झाली, पाठवणीला मुद्दाम उशीर होऊ लागला. भांडण कंपन्यांचे होते, पण मधल्या मध्ये खप घसरला तो लेखकांचा. शेकडो लेखकांनी जाहीर निषेध केला; नोव्हेंबरात तडजोड झाली.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. 'वेस्टलँड' ही भारतीय प्रकाशनसंस्था २०१६ साली अ‍ॅमेझॉनने टाटा समूहाकडून घेतली. फेब्रुवारी २०२२मध्ये ती बंद करण्याचा निर्णय एकाएकी जाहीर झाला. पुस्तके छापलेली, खपत असलेली, आणि तरी लेखकांना नवा प्रकाशक शोधण्याची वेळ आली. दुकानांनी शेवटच्या प्रती साठवायला सुरुवात केली, वाचकांनी त्या उचलल्या. पुढे त्या चमूला 'प्रतिलिपी' या बंगळुरूच्या कंपनीने हात दिला. ज्या कंपनीसाठी पुस्तक हा शेकडो मालांपैकी एक असतो, ती कंपनी तो विभाग हिशेब जुळला नाही की बंद करू शकते. प्रकाशन हाच ज्याचा धंदा, त्याला ते इतके सोपे नसते.

लेखकाच्या कमाईबाबत अमेरिकेतल्या 'ऑथर्स गिल्ड' या लेखक संघटनेने केलेल्या पाहणीत २०१७ साली लेखनातून मिळणारे मध्यक उत्पन्न ६,०८० डॉलर निघाले. २००९च्या तुलनेत ४२ टक्क्यांनी कमी. घसरणीमागे अनेक कारणे होती, पण गिल्डने अ‍ॅमेझॉनच्या बाजारपेठेवरील पकडीकडे स्पष्ट बोट दाखवले.

कायदा काय करू शकतो?

फ्रान्समध्ये १९८१पासून पुस्तकाची किंमत प्रकाशक ठरवतो आणि कोणालाही पाच टक्क्यांहून अधिक सवलत देता येत नाही. संस्कृतिमंत्री जॅक लांग यांच्या नावाने तो कायदा ओळखला जातो. ऑनलाइन कंपन्यांनी सवलतीऐवजी फुकट घरपोच सेवा सुरू केली, तेव्हा फ्रान्सने तीही अडवली. तर पाठवणी एका सेंटमध्ये होऊ लागली! शेवटी ऑक्टोबर २०२३पासून ३५ युरोंहून कमी खरेदीवर किमान तीन युरो पाठवणीखर्च सक्तीचा झाला. जर्मनीतही पुस्तकांची किंमत कायद्याने बांधलेली आहे. ब्रिटनमध्ये उलटे घडले. १९००पासून चालत आलेला किमतीचा करार १९९५मध्ये कोसळला आणि सुपरमार्केटेही पुस्तके पडेल भावात विकू लागली.

भारतात छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे. किमतीला छत आहे, पण खाली जमीन नाही. परदेशी गुंतवणुकीच्या ऑनलाइन कंपन्यांनी फक्त बाजारपेठ चालवावी, स्वतःचा माल ठेवू नये आणि किमतींवर प्रभाव टाकू नये, असे सरकारचे नियम आहेत. फेब्रुवारी २०१९मध्ये ते अधिक कडक झाले. पण ते सगळ्या मालाला सारखेच लागू होतात. पुस्तकासाठी वेगळा विचार आपण केलेला नाही.

पुस्तकाचा वेगळा विचार करणारे एक जुने खाते होते, ते म्हणजे टपाल. डिसेंबर २०२४मध्ये नोंदणीकृत पुस्तक टपालाची स्वस्त सेवा बंद झाली, तेव्हा लहान प्रकाशकांच्या तोंडचे पाणी पळाले. जिचा सगळा खेळ घरपोच पाठवणीवर, त्या मोठ्या कंपनीचे स्वतःचे वाहतूक जाळे असते. लहान प्रकाशकाचे जाळे म्हणजे पोस्ट ऑफिस. १ मे २०२५पासून टपाल खात्याने 'ज्ञान पोस्ट' सुरू केले. शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमला २० रुपये आणि पाच किलोला १०० रुपये असे दर ठेवले, कर वेगळा. पाच किलोत मध्यम आकाराची पंधरा-सोळा पुस्तके सहज बसतात, म्हणजे एका पुस्तकामागे सहा-सात रुपये.

इंदूरच्या वाचकाने काय करावे?

मोठ्या ऑनलाइन दुकानांवर बहिष्कार टाका, असे सांगणे इंदूरच्या मराठी वाचकावर अन्याय करणारे ठरेल. त्याला पुस्तक मिळण्याची सोय कैक वर्षांनी झाली आहे आणि ती त्याने वापरावी. फक्त पुस्तक पाहून दुकान निवडावे. हक्क संपलेली अभिजात पुस्तके, इंग्रजी पुस्तके, परीक्षेची ठरावीक पुस्तके जिथे स्वस्त मिळतील तिथे घ्यायला हरकत नाही. त्यातही शहरातल्या दुकानात किमतीचा फरक थोडा असेल तर दुकानाला पसंती द्यावी. दुकानात जाऊन पुस्तक चाळायचे, मुखपृष्ठाचा फोटो काढायचा आणि घरी येऊन ऑनलाइन मागवायचे, हा प्रकार मात्र सोडावा. चाळायला मिळावे म्हणून कोणीतरी भाडे भरत असतो.

हयात मराठी लेखकाचे नवे पुस्तक मात्र शक्य तर थेट प्रकाशकाकडून, मराठी विक्रेत्याकडून किंवा प्रकाशनपूर्व योजनेत घ्यावे. तिथे दिलेल्या पैशातला मोठा वाटा पुस्तक करणाऱ्यांकडे राहतो. एकट्याने मागवले तर पाठवणीचा खर्च जड जातो; म्हणून साहित्य सभा, वाचक गट, महिला मंडळ किंवा सोसायटीतल्या दहा घरांनी दर दोन महिन्यांनी एक सामाईक यादी करावी आणि पाच-पाच किलोंची पुडकी मागवावीत. आपली पुस्तके 'ज्ञान पोस्ट'च्या नियमांत बसतात का, ते प्रकाशकाला आधी विचारून घ्यावे. यादीत एक तरी पहिल्या पुस्तकाचा लेखक असावा, एवढी अट घालून घेतली तरी पुरे. लेखकांनीही करारावर सही करताना 'छापील किमतीवर' की 'मिळालेल्या रकमेवर' हे दोन शब्द नीट वाचावेत, आणि ई-पुस्तकाचे हक्क एकाच कंपनीला बांधून देण्याआधी दोनदा विचार करावा.

तीन संमेलने भरवणाऱ्या शहराला दहा घरांची एक यादी करणे अवघड नाही. पुढच्या शारदोत्सवात कोणीतरी कागद-पेन घेऊन दाराशी बसावे आणि नावे घ्यायला सुरुवात करावी.